खंडेनवमीच्या रजेचा अर्ज : मनुष्यबळ विभागांतल्या सहकाऱ्यांना खुले पत्र

पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत आणि हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांत मनुष्यबळ विभाग सांभाळणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच. 24 वर्षं हेच काम केलं. सुरुवातीला आमच्या दारावर ‘पर्सोनेल’ अशी पाटी होती, पुढे ‘एचआर’ अशी आली. टाइम ऑफिस, हजेरीपट, कँटीन कमिटी, युनियनशी करार, हे सगळं हातून गेलं. आता निवृत्त आहे, पण माझ्याकडे शिकलेल्या मुली अजून फोन करतात. गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या कंपन्यांतल्या तिघींनी आपापल्या वार्षिक सर्वेक्षणाचा मसुदा मला पाठवला, “मॅडम, एकदा नजर टाका” म्हणून. तिन्ही मसुद्यांत एक भाग नवा होता. ‘मी कामाच्या ठिकाणी माझी श्रद्धा मोकळेपणाने व्यक्त करू शकतो/शकते.’ ‘माझ्या श्रद्धेमुळे माझ्या कामाला अर्थ मिळतो.’ ‘माझ्या धार्मिक परंपरांचा इथे आदर होतो.’ समोर 1 ते 5 अशी घरं, आणि शेवटी विभाग, पाळी, वयोगट, लिंग, धर्म.

हा भाग काढून टाका, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. हेतू चांगला आहे हे मला कळतं, कारण असाच एक फॉर्म मी स्वतः काढला होता. त्याचं काय झालं ते आधी सांगते.

आमच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या विभागात, सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे धातू घासून सपाट करायच्या मशिनवर, एक कारागीर होता. वय पन्नाशीकडे झुकलेलं, बोलणं कमी, हात असा की मायक्रॉनच्या कामासाठी दुसऱ्या शेडचे लोकही त्याच्याकडे तुकडा घेऊन यायचे. आमच्याकडे खंडेनवमी मोठी व्हायची. आदल्या दिवशी दुपारनंतर मशिनं बंद. कॉटन वेस्ट आणि रॉकेल घेऊन जो तो आपलं मशिन पुसायला बसायचा. दुसऱ्या दिवशी मशिनांना झेंडूचे हार, हळद-कुंकवाची बोटं, समोर नारळ. व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मापायची साधनंसुद्धा पाटावर मांडलेले असायचे. या माणसाचं मशिन सगळ्यांत लखलखीत असायचं आणि पूजेच्या दिवशी तो नसायचा. दर वर्षी रजा, आणि अर्जावर कारण एकच : घरगुती काम.

तो बौद्ध होता. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली, तो दिवस विजयादशमीचा होता. म्हणून दसरा हा त्याच्या घरचाही मोठा सण. खंडेनवमीला तो बायकोला घेऊन दीक्षाभूमीची गाडी धरायचा. आणि बाबासाहेबांनी त्या वेळी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. म्हणजे मशिनसमोर नारळ न फोडणं हाच त्याचा धर्म. तो एका रजेच्या अर्जात मावत होता आणि कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हता.

मग आमचा फॉर्म आला. शॉप फ्लोअरसाठी छापील केला होता, नाव लिहायचं नव्हतं, पेटीत टाकायचा होता. आम्ही सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं की कोणी काय लिहिलं ते कळणार नाही. धर्माच्या रकान्यात पर्याय होते : हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, इतर. नमुना बाहेरून आला होता, आम्ही तो तसाच उचलला. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात 65 लाखांहून जास्त बौद्ध आहेत, देशातल्या दर चार बौद्धांतले तीन आपल्या राज्यात राहतात, आणि पुण्याच्या कारखान्यात मी त्यांना ‘इतर’मध्ये टाकलं. ही चूक माझी.

‘माझ्या धार्मिक परंपरा मी इथे पाळू शकतो’ यापुढे त्यानं 1 लिहिलं. अहवालात विभागवार, धर्मवार खांब काढले होते. टूलरूमच्या पानावर ‘इतर’चा खांब एका माणसाचा होता. मीटिंगमध्ये तो पडद्यावर आला तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाला कळलं की हा कोण. आठवडाभरात सुपरवायझरनं त्याला बाजूला घेऊन विचारलं, “काय रे, कसला त्रास आहे तुला इथं? कोण काय बोललं का?” सुपरवायझर वाईट माणूस नव्हता, त्याला खरंच काळजी वाटली होती. उत्तर आलं, “नाही साहेब, चुकून लिहिलं असेल.”

पुढच्या खंडेनवमीला त्यानं रजा टाकली नाही. मी पेढ्यांचा डबा घेऊन टूलरूममध्ये गेले होते. फोरमन सगळ्यांच्या कपाळाला कुंकू लावत येत होता. याच्यापाशी आला, हात पुढे केला. यानं क्षणभर मशिनकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, चला, माणूस मिसळायला लागला. त्या वर्षीच्या फॉर्मवर त्यानं सगळीकडे 5 लिहिले आणि टूलरूमचा आकडा सुधारला. तो सुधारलेला आकडा मी वरच्या साहेबांना अभिमानानं दाखवला.

खरं काय ते मला कळलं तो निवृत्त झाला तेव्हा. हिशेब घ्यायला ऑफिसात आला होता, कागदांवर सह्या करता करता शांतपणे सांगून गेला. तक्रार म्हणून नव्हे. जुने अर्ज मी नंतर टाइम ऑफिसातून काढून पाहिले. अकरा होते.

आता तुमच्या मसुद्यांकडे वळते.

तुम्ही वापरता ती विधानं कुठून आली हे एकदा पाहून घ्या. श्रद्धा मोजायच्या मोजपट्ट्या मानसशास्त्रात जुन्या आहेत. ऑलपोर्ट आणि रॉस या अमेरिकी संशोधकांची धार्मिक वृत्तीची पट्टी 1967ची. कामाच्या ठिकाणच्या श्रद्धेसाठी खास पट्ट्या त्यानंतर आल्या. लिन, नॉटन आणि व्हॅंडरवीन यांची 15 विधानांची पट्टी 2009ची, आणि ती ज्यू-ख्रिस्ती परंपरा समोर ठेवून केलेली आहे. डेव्हिड मिलर या अमेरिकी अभ्यासकांनी कामाच्या ठिकाणच्या श्रद्धेच्या चार दिशा मांडल्या : नीती, अभिव्यक्ती, कामातून येणारा अनुभव आणि मनाला मिळणारं बळ. त्यांनी त्यांच्या समाजासाठी कसून काम केलं आहे, त्यात मला खोट काढायची नाही. पण त्या विधानांमागे एक देव आहे, तो हाक मारतो, आणि काम हे त्या हाकेला दिलेलं उत्तर आहे. ते विधान मराठीत उतरवून जैन अकाउंटंटपुढे किंवा बौद्ध ग्राइंडरपुढे ठेवलं तर तो काय लिहिणार? आणि तुम्ही त्याचा 2 म्हणजे ‘श्रद्धा कमी’ असं वाचणार?

आपल्याकडे तर कामात श्रद्धा असणं हीच जुनी गोष्ट आहे. अरणचे संत सावता माळी, आपले सावतोबा, मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असं सगळी वारकरी परंपरा सांगते. आजही पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. ‘गेल्या वर्षभरात किती वेळा तीर्थयात्रा केली?’ या रकान्यात सावतोबांचं उत्तर शून्य येईल.

दुसरी अडचण आकड्यांचीच आहे. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेनं 2019-20 मध्ये भारतात सुमारे 30,000 लोकांना विचारलं, तेव्हा 97 टक्क्यांनी देव मानतो असं सांगितलं. ज्या प्रश्नाला जवळजवळ सगळेच ‘हो’ म्हणतात, त्यातून तुमच्या कंपनीबद्दल काय कळणार? शिवाय माणूस श्रद्धेबद्दल सांगताना समोर कोण आहे ते पाहून सांगतो. अमेरिकेत हॅडवे हे समाजशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चर्चमधली माणसं प्रत्यक्ष मोजली, तर लोक पाहणीत सांगत होते त्याच्या जवळपास निम्मीच भरली. तिथं लोकांनी फुगवून सांगितलं, कारण चर्चला जाणं भलेपणाचं मानलं जातं. शॉप फ्लोअरवर माणूस उलट करतो. ज्याची संख्या कमी, तो झाकून सांगतो. माझ्या ग्राइंडरनं दुसऱ्या वर्षी तेच केलं.

नवरात्राचे नऊ रंग घ्या. आज पिवळा, उद्या हिरवा. लोकल, बँक, शाळा, आयटी कंपनी, सगळीकडे बायका त्या रंगात येतात, जेवणाच्या सुट्टीत फोटो निघतो. मला स्वतःला ते फार आवडायचं. त्या फोटोत देवीची भक्त असते, हौसेनं नेसलेली असते, मैत्रिणींसाठी आलेली फातिमा असते, आणि ‘तू का नाही आज?’ हे ऐकून घ्यायला नको म्हणून आदल्या रात्री ओढणी विकत आणलेली नवी मुलगीही असते. एका कंपनीत त्या फोटोतली डोकी मोजून ‘सांस्कृतिक सहभाग’ असा आकडा काढलेला मी पाहिला आहे. त्या ओढणीची गोष्ट त्या आकड्यात कुठे आली?

म्हणून माझं म्हणणं असं : माणसाची श्रद्धा मोजू नका. तुमच्या कंपनीत त्या श्रद्धेपायी कोणाला काय किंमत मोजावी लागते, ते मोजा. त्यासाठी कोणाच्या मनात शिरावं लागत नाही. सगळे कागद तुमच्याच कपाटात आहेत.

सुरुवात सुट्ट्यांच्या यादीपासून करा. महाराष्ट्राचा 2017चा दुकानं आणि आस्थापनांचा कायदा सुरुवातीला 10 किंवा जास्त कामगार असलेल्या जागेला लागू होता, 2025 मध्ये ही मर्यादा 20 झाली. त्यात सणांच्या 8 भरपगारी सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार, वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगारांनी आपसांत संमतीनं ठरवायच्या आहेत. कायदा ‘ठरवायच्या’ म्हणतो. आपण काय करतो? डिसेंबरात गेल्या वर्षीची फाइल उघडतो, तारखा बदलतो आणि मेल टाकतो. गणपती, दसरा, दिवाळी, पाडवा. त्या चार सुट्ट्या ठरवताना तुमच्या टेबलापाशी कोण कोण बसलं होतं, ईद, नाताळ, 14 एप्रिल, जैनांची संवत्सरी यांचं नाव तरी निघालं का, याची नोंद आहे का तुमच्याकडे? माझ्याकडे 24 वर्षांत एकदाही नव्हती. कारखान्यात हीच यादी युनियनच्या करारात जाते, आणि तिथेही बैठकीत संख्या बोलते.

मग रजेचे अर्ज. गेल्या तीन वर्षांतले काढा. कोणत्या दिवसाची रजा कोणाला नाकारली, कोणाला बदली कामगार शोधून आण असं सांगितलं, शुक्रवारी दुपारी अर्ध्या तासासाठी कोण गेटपास मागतं आणि कोणाचा तो अर्धा तास पगारातून जातो, ते पाहा. वारीला जाणाऱ्याला आपण कौतुकानं रजा देतो. द्यावीच, मीही दिली, आणि माळ घातलेला माणूस परत आला की त्याच्या पाया पडणारेही आम्हीच. तेवढंच सहज दुसऱ्या कोणाला मिळतं का, हा प्रश्न आहे. आणि ‘घरगुती काम’ असं कारण दर वर्षी त्याच तारखेला लिहिणारे किती? ते कोण आहेत हे शोधू नका. किती आहेत ते फक्त मोजा. खरं कारण लिहायची हिंमत होत नाही अशी किती माणसं आपल्याकडे आहेत, याचा अंदाज त्यातून येतो.

वर्गणीची यादी पाहा. कंपनीच्या गणपतीची वर्गणी स्वेच्छेची असते, असं आपण म्हणतो. पण नोटीस बोर्डावर नाव आणि रक्कम लिहिलेली यादी लागते, आणि ज्याच्या नावापुढे रेघ आहे ते नाव सगळे वाचतात. काही ठिकाणी ती रक्कम पगारातूनच वळती होते. पगारातून कोणत्या कारणासाठी कपात करता येते हे कायद्यानं बांधून दिलेलं आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पावती पुस्तक ठेवा, यादी लावू नका. हा एक बदल मी शेवटच्या दोन वर्षांत केला. वर्गणी थोडी कमी जमली. आरतीला माणसं तेवढीच आली.

सेफ्टी ऑफिसरची वही पाहा. फिरत्या मशिनजवळ हातात दोरा किंवा गळ्यात लोंबणारी माळ नको, हा नियम योग्यच आहे. मशिनच्या फिरत्या पकडीत, चकमध्ये, दोरा अडकला तर मनगट जातं. धर्माचं चिन्ह आणि सुरक्षितता यांत न्यायालयंही फरक करतात. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं 2013 मध्ये एकाच निकालात, विमान कंपनीच्या काउंटरवर गळ्यात क्रॉस घालणाऱ्या बाईच्या बाजूनं कौल दिला आणि रुग्णालयातल्या परिचारिकेचा क्रॉस मात्र रुग्णांच्या सुरक्षेसाठी काढायला लावणं योग्य ठरवलं. पण आपल्या शेडमध्ये ताईत काढायला किती जणांना सांगितलं आणि नवरात्रातला लाल दोरा किती जणांना काढायला लावला, हे शेजारी शेजारी मांडून पाहा. माझ्या वहीत ते सारखं नव्हतं. दोऱ्याला ‘राहू दे, दोन दिवसांत पडेल’ असं उत्तर होतं.

आणि भरती. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तुमच्यापैकी प्रत्येकाला माहीत असायला हवा. थोरात सर आपल्या अमरावतीकडचे. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या शिक्षणाचे, सारख्या अनुभवाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्यांनी एकाही उमेदवाराला ‘तुझी श्रद्धा किती?’ असं विचारलं नाही. कंपनीनं काय केलं, तेवढंच मोजलं. मला अशी मोजणी हवी आहे. तुमच्या फॉर्मवर आत आलेली माणसं 1 ते 5 लिहितात. दारातूनच परत गेलेल्यांचं काय?

आत असूनही सुटलेले आहेतच. तुमचा फॉर्म कंपनीच्या ईमेलवर जातो. कंत्राटी कामगार, गेटवरचा सिक्युरिटीवाला, हाउसकीपिंगच्या बायका, कँटीनचा आचारी यांना ईमेल नाही. जेवायला कुठे बसायचं, डबा कोणाशेजारी उघडायचा, सणाला गावी गेलं तर परत आल्यावर काम राहील का, हे प्रश्न सगळ्यांत जास्त त्यांचे आहेत.

आता कायद्याचं. राज्यघटनेचं 16वं कलम सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं. खासगी कंपनीला ते थेट लागू होत नाही, आणि खासगी नोकरीतल्या धार्मिक भेदभावाला आळा घालणारा स्वतंत्र सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही. युरोपात धर्माची माहिती ही विशेष जपायची माहिती मानली जाते. आपल्याकडे न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या 2018च्या मसुद्यात धार्मिक श्रद्धा संवेदनशील माहितीत धरली होती. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र तो वेगळा वर्गच राहिला नाही, आणि नोकरीच्या कारणासाठी मालकाला काही माहिती संमतीशिवाय वापरता येईल अशी सोयही त्यात आहे. म्हणजे तुमच्या फॉर्मवर एखाद्यानं विश्वासानं धर्म लिहिला, तो सल्लागार कंपनीच्या सर्व्हरवर गेला, आणि पाच वर्षांनी मनुष्यबळ कपातीच्या वेळी कोणी ती फाइल उघडली, तर त्या माणसाला धरायला दोरी फार थोडी आहे. जी माहिती जपता येणार नाही ती गोळा करू नये, हे आपण पगाराच्या बाबतीत कसोशीनं पाळतो. इथे का नाही?

काही जणी म्हणतील, विचारलंच नाही तर दुखणं कळणार कसं? विचारा. पण बोलून विचारा, कंपनीबाहेरच्या विश्वासू माणसाकडून विचारा, आणि माणसाबद्दल न विचारता जागेबद्दल विचारा : ‘इथे एखाद्या कार्यक्रमाला नको म्हटलं तर काय होतं?’ हा एक प्रश्न तुमच्या पंधरा विधानांपेक्षा जास्त सांगेल. अहवालात 10पेक्षा कमी माणसांचा गट वेगळा दाखवू नका. धर्म हवाच असेल तर विभाग आणि पाळी विचारू नका. आणि कुठलाही खांब पडद्यावर लावण्याआधी तो किती माणसांचा आहे ते बघा. मी बघितलं नव्हतं.

डिसेंबर आला की सुट्ट्यांच्या यादीचा मेल तयार होईल. तो पाठवण्याआधी एक बैठक लावा. कँटीनवाल्याला बोलवा, कंत्राटदाराच्या माणसांतला एक बोलवा, आणि टूलरूमच्या रात्रपाळीतूनही कोणीतरी येऊ दे. त्यांच्यासमोर चार रिकाम्या ओळी ठेवा आणि त्यांना आधी बोलू द्या.

तुमची,
एक जुनी सहकारी